त्रिनिदाद आणि टोबॅगोला जाण्यापूर्वी : व्हिसा, पीतज्वराची लस, वाहतूक, खाणे आणि बाकीचे

अबोली

नमस्कार.

गेल्या वर्षभरात येथल्या पाच-सहा सदस्यांनी खाजगी निरोप पाठवून मला त्रिनिदादविषयी विचारले. प्रत्येकाला तेच तेच तुटकपणे कळवण्यापेक्षा सगळे एका जागी असावे, आणि माझ्याकडून जे राहून जाईल ते तिथे जाऊन आलेल्या इतरांनी भरून काढावे, म्हणून हा धागा काढत आहे. माझे यजमान पॉइंट लिसासच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नोकरीला होते, त्यामुळे आम्ही तीन वर्षे जवळच्याच कूव्हा या गावी राहिलो. त्या काळात आमच्याकडे पुण्या-मुंबईहून जे पाहुणे आले, त्यांच्या अडचणी जवळून पाहिल्या. त्या जवळजवळ सगळ्या तिथे पोचण्याच्या आणि तिथून परतण्याच्या होत्या. तिथे राहण्याफिरण्याचा त्रास क्वचितच कोणाला झाला. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

देश दोन बेटांचा आहे. दोन्ही मिळून ५,१२८ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढा. त्यातले टोबॅगो जेमतेम ३०० चौरस किलोमीटरचे आहे. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन त्रिनिदादमध्ये आहे आणि मोठा विमानतळ पियार्को येथे, राजधानीपासून पंचवीसेक किलोमीटर पूर्वेला.

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही. हे वाक्य खरे आहे, पण त्यावर विसंबून तिकीट काढणारा माणूस हमखास अडकतो, कारण भारतातून तिथे थेट विमान नाही आणि वाटेतला देश व्हिसा मागतो. अमेरिकेतून गेलात तर तिथे केवळ विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशनमधून बाहेर यावे लागते, सामान उचलून पुन्हा द्यावे लागते आणि त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हातात असावा लागतो. कॅनडातून गेलात तर ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनहून जाताना आणखी एक मेख आहे. भारतातली बहुतेक विमाने हीथ्रोला उतरतात आणि त्रिनिदादचे विमान गॅटविकहून सुटते. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचे म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत प्रवेश करणे आलेच, त्यामुळे विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्याचा व्हिसा तिथे पुरत नाही. आमच्याकडे येणारी बरीच मंडळी अॅमस्टरडॅममार्गे येत. तेव्हा आधी वाटेवरच्या देशाचा नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचावा, व्हिसा हाती घ्यावा आणि मगच तिकिटाचे पैसे भरावेत. हा क्रम उलटा करू नये.

पियार्कोला उतरल्यावर परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय यांविषयी विचारतात. पत्ता कागदावर लिहून हातात ठेवावा. ओळखीच्या घरी उतरणार असाल तर त्या घराचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर द्यावा लागतो, नुसते "नातेवाईकांकडे" म्हणून भागत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. त्रिनिदाद बेट भारत सरकारच्या पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत लसीच्या प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी वैध होते, म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि तिथे ठरावीक वारी, आगाऊ वेळ घेऊन जावे लागते. मूळ पारपत्र बरोबर न्यावे, कारण प्रमाणपत्रावर त्याचा क्रमांक घालतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. पूर्वीची दहा वर्षांची मुदत २०१६ साली काढून टाकली आहे, त्यामुळे आफ्रिकेच्या प्रवासासाठी कोणी आधी घेतली असेल तर ते प्रमाणपत्राचे जुने पिवळे पुस्तक शोधून काढावे.

बाकी तपशील थोडक्यात देते. घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. वीज ११५ व्होल्टची आणि पिना चपट्या, अमेरिकेसारख्या. फोनचे चार्जर चालतात, आपला मिक्सर चालत नाही. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने धावतात. जानेवारी ते मे कोरडे दिवस आणि जून ते डिसेंबर पाऊस. चक्रीवादळांचा मुख्य मार्ग या बेटांच्या उत्तरेकडून जातो, तरी १९६३ सालच्या फ्लोरा वादळाने टोबॅगोची दैना केली होती, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी हवामानाकडे लक्ष ठेवावे. आणि लष्करी नक्षीचे कपडे, मग ती लहान मुलाची टोपी का असेना, बॅगेत घालू नका. तिथे सामान्य नागरिकाने ते घालणे हा गुन्हा आहे.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा.

दर्यावर्दी

अबोलीताई, पीतज्वराचा मुद्दा तुम्ही एवढ्या ठळकपणे लिहिलात याबद्दल मनापासून आभार. मी त्यात पोळलो आहे, म्हणून घडले तसे लिहितो.

आमच्या चौघांच्या सहलीची सगळी व्यवस्था एका प्रवासी संस्थेने केली होती. त्यांनी व्हिसा, हॉटेल, विमा, सगळे चोख केले. लसीचा शब्द काढला नाही आणि मीही विचारले नाही. परतीच्या वेळी मुंबईत आरोग्य तपासणीच्या खिडकीशी पारपत्र दाखवल्यावर अधिकाऱ्याने शांतपणे पिवळे पुस्तक मागितले, तेव्हा ते काय असते हेच आम्हांला ठाऊक नव्हते. वागणूक अतिशय सभ्य होती, नियम मात्र नियम होता. आम्हांला घरी न जाता विलगीकरण केंद्रात जावे लागले. माझ्या मेहुणीचे रक्तदाबाचे औषध संपत आले होते, धाकट्याची शाळेची चाचणी होती आणि घरी वडील एकटे होते. एरवी हाताला लागलेली एक सुई आणि दोन तासांचे काम, त्यापायी आमचे आठवड्याचे वेळापत्रक कोलमडले.

एक पुरवणी जोडतो. पनामामार्गे जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पनामाही त्याच यादीत आहे.

चांदणवेल

खूप उपयुक्त धागा. आम्ही दोघे पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. तिथे दहा दिवस निभेल का? की इथून थेपले-खाकरे बांधून न्यावेत? आणि युपीआय चालते का?

अबोली

चांदणवेल, थेपल्यांची अजिबात गरज पडणार नाही. संपूर्ण कॅरिबियनमध्ये शाकाहारी माणसाची इतकी सोय दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही, आणि त्याला कारण इतिहास आहे. ३० मे १८४५ रोजी फतेल रझाक हे जहाज भारतातून करारबद्ध मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोचले आणि १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे तिथे उतरली. बहुतेक भोजपुरी मुलखातली होती. त्यांची भाषा आता रोजच्या बोलण्यातून गेली आहे, सगळे इंग्रजीच बोलतात, पण स्वयंपाकघरातले शब्द जसेच्या तसे टिकले आहेत. चना, आलू, जीरा, भाजी, बैंगन चोका. चोका म्हणजे आपले भरीत. टोमॅटोचा चोका आणि सादा रोटी हा तिथला सकाळचा नाश्ता आहे.

रस्त्यावर मिळणारा सगळ्यांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे डबल्स, आणि तो निखळ शाकाहारी असतो. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले 'बारा', त्यांच्यात रसदार चना, वर चिंचेची चटणी, काकडीचा कीस आणि मिरचीचे तिखट. विक्रेता हे सगळे पाच-सहा सेकंदांत एका कागदावर रचतो, कागदाची दोन टोके पिळून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि पुढच्याकडे वळतो. दर साधारण ५ ते ८ टीटी डॉलर, म्हणजे तिथले स्थानिक चलन. तिखट किती हवे हे आधी सांगावे लागते. "स्लाइट" म्हणजे अगदी थोडे, आणि पहिल्या दिवशी तेवढेच मागावे, कारण तिथली मिरची आपल्या लवंगीपेक्षा कितीतरी जहाल असते. डबल्स सकाळी लवकर खावेत, दहा-साडेदहानंतर चांगल्या गाड्यांवरचे संपून गेलेले असतात.

रोटीच्या दुकानात दालपुरी किंवा 'बस्सप शट' मागा. हे दुसरे म्हणजे तव्यावरच झोडून चुरलेला पराठा, फाटक्या सदऱ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव पडले. बरोबर भोपळा, चना-आलू, बोडी म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, आणि अळूच्या पानांची भाजी मिळते. सहीना हा पदार्थ पाहिलात तर अळूवडीच आठवेल. अळूची पाने आणि डाळीचे पीठ एवढीच सामग्री, पण उकडण्याऐवजी सरळ तळलेली.

एकाच पदार्थापाशी सावध राहा. कलालू दिसायला थेट आपल्या अळूच्या फदफद्यासारखे असते, भेंडी आणि नारळाचे दूध घालून शिजवलेले, पण त्यात पुष्कळदा खेकडा किंवा खारवलेले मांस असते. तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नये. माराकसच्या किनाऱ्यावर तळलेल्या ब्रेडमध्ये शार्क मासा घालून देतात, तिथेही तळणीचे तेल वेगळे आहे का ते विचारावे.

युपीआयविषयी : त्रिनिदाद ही व्यवस्था स्वीकारणार असल्याचे २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झाले, पण त्या भरवशावर घराबाहेर पडू नये. अमेरिकन डॉलर रोख आणि एक क्रेडिट कार्ड न्यावे. एका अमेरिकन डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी डॉलर मिळतात. लागतील तेवढेच बदलावेत, कारण तिथे परकीय चलनाची टंचाई असते आणि उरलेले टीटी डॉलर परत अमेरिकन डॉलरमध्ये बदलून मिळणे कठीण जाते. देशाबाहेर ते कोणी घेत नाही. हॉटेलचा दर विचारताना कर धरून सांगा असे म्हणावे. साडेबारा टक्के मूल्यवर्धित कर, खोलीवरचा कर आणि सेवाशुल्क मिळून बिल बरेच वाढते.

मृद्गंध

गाडी भाड्याने घ्यावी की तिथल्या सार्वजनिक वाहनांनी फिरावे? आमच्यात एकाकडेच आंतरराष्ट्रीय परवाना आहे.

दर्यावर्दी

माझे मत स्पष्टपणे गाडी भाड्याने घ्यावी असे आहे. आपल्याच बाजूने चालवायचे असल्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. ला ब्रेआचा डांबराचा तलाव, ईशान्येकडचे कासवांचे किनारे, वॉटरलूचे मंदिर ही सगळी ठिकाणे वेगवेगळ्या टोकांना आहेत. भाड्याच्या गाडीच्या पाटीवर पहिले अक्षर 'आर' असते, खाजगी गाडीच्या 'पी', आणि टॅक्सीच्या 'एच'. रस्त्यात कोणी 'पी' पाटीच्या गाडीतून नेतो म्हणाला, तर बसू नये.

अबोली

दर्यावर्दी, लांबच्या ठिकाणांसाठी तुमचे म्हणणे पटते. पण पोर्ट ऑफ स्पेन, चाग्वानास आणि सान फर्नांडो एवढ्याच पट्ट्यात फिरायचे असेल तर मॅक्सी टॅक्सी उत्तम. सकाळी आणि संध्याकाळी महामार्गावर इतकी कोंडी होते की स्वतःची गाडी ओझे वाटते.

मॅक्सी म्हणजे पांढरी छोटी बस, जिच्या अंगावर रंगीत पट्टा असतो, आणि पट्ट्याच्या रंगावरून मार्ग कळतो. राजधानीच्या परिसरात पिवळा, पूर्वेकडे अरिमापर्यंत लाल, मध्य आणि दक्षिणेकडे हिरवा, टोबॅगोत निळा. राजधानीत बहुतेक मॅक्सी सिटी गेटहून सुटतात. हे पूर्वीचे रेल्वे स्थानक, रेल्वे केव्हाच बंद झाली. उतरायचे ठिकाण आले की घंटीचे बटण दाबायचे. सुटे पैसे जवळ ठेवा. शंभराची नोट पुढे केली तर चालकाचा खोळंबा होतो.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमचे पाहुणे नेमके तिथे चुकत. मॅक्सीत चढताना, दुकानात शिरताना, कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहताना, काहीही विचारण्याआधी "गुड मॉर्निंग" म्हणायचे, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असे. मॅक्सीतले दहाही जण उत्तर देतात. अंधार पडल्यावर भेटतानासुद्धा "गुड नाइट" म्हणतात, तो तिथे निरोप नसून नमस्कार असतो. आपल्याकडची घाईतली "अहो, हे केवढ्याला?" अशी सुरुवात तिथे उद्धट वाटते. माझ्या पहिल्या महिन्यात मी भाजीबाजारात सरळ भाव विचारला, तेव्हा त्या वयस्कर बाईंनी भाजी झाकली नाही की रागावल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे पाहत "गुड मॉर्निंग, बेटी" म्हणाल्या आणि मी उत्तर देईपर्यंत थांबल्या. ओळख झाल्यावर कळले की त्यांची नातवंडे त्यांना 'आजी' म्हणतात. भोजपुरीतही वडिलांच्या आईला आजी आणि वडिलांच्या वडिलांना आजा म्हणतात, ते शब्द तिथे अजून घराघरांत आहेत. सात समुद्रांपलीकडे तो शब्द कानावर पडला तेव्हा मला काय वाटले असेल, ते तुम्ही समजू शकाल.

पियार्कोवरच्या टॅक्सींना मीटर नसतो. दर ठरलेले असतात. बसण्यापूर्वी विचारून घ्यावेत आणि रात्रीचे जास्त असतात हे गृहीत धरावे.

पुणेकर_१९७१

माझ्या पिढीच्या माणसाला पोर्ट ऑफ स्पेन म्हटले की क्वीन्स पार्क ओव्हलच डोळ्यांसमोर येते. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला तो याच मैदानावर. सुनील गावसकरांची ती पहिली कसोटी, ६५ आणि नाबाद ६७. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्याच सामन्यात ११२ धावा केल्या. एप्रिलमध्ये शेवटची कसोटीही तिथेच झाली आणि गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या. पुढे १९७६ साली चौथ्या डावात ४०० च्या वर धावांचा पाठलाग करून जिंकलो, तेही तिथेच. आम्ही ते सगळे रेडिओला कान लावून ऐकले होते.

दोन वर्षांपूर्वी मुलाने मला तिथे नेले. मैदान शहराच्या ऐन वस्तीत आहे आणि मागे उत्तरेकडचे हिरवे डोंगर इतके जवळ दिसतात की फलंदाजाला ते खांद्यावर आल्यासारखे वाटत असतील. मैदानापासून जवळच सेंट जेम्स हा भाग आहे. तिथल्या गल्ल्यांची नावे दिल्ली, कलकत्ता, लखनौ, पाटणा अशी आहेत. पायी फिरून ती पाट्यांवर वाचण्यात माझी एक संपूर्ण सकाळ गेली. सामना पाहायचा असेल तर मैदान नीट विचारून घ्या, कारण आता बरेच सामने दक्षिणेला तारूबा येथील ब्रायन लारा अकादमीच्या मैदानावर होतात आणि दोन ठिकाणांत चांगला तासाभराचा रस्ता आहे.

मृद्गंध

काका, तुमचा प्रतिसाद माझ्या वडिलांना वाचून दाखवला. तेही येतो म्हणत आहेत.

सुरक्षिततेविषयी मात्र बातम्या वाचून धास्ती वाटते. खरी परिस्थिती कशी आहे?

अबोली

धास्ती अनाठायी नाही, आणि तिथले माझे स्नेही स्वतःच याविषयी फार चिंतेत असतात. ३० डिसेंबर २०२४ रोजी सरकारने देशभर आणीबाणी जाहीर केली आणि २०२५ च्या जुलैमध्ये ती पुन्हा लागू झाली, त्यावरून प्रश्न किती गंभीर आहे ते कळेल. हिंसाचार बहुतांशी टोळ्यांमधला आणि ठरावीक वस्त्यांतला असतो. राजधानीच्या पूर्वेचा लावेंटिल आणि बीथमचा भाग पर्यटकाने पूर्णपणे टाळावा. क्वीन्स पार्क सव्हाना हे राजधानीतले मोठे मोकळे मैदान दिवसा आणि संध्याकाळी माणसांनी भरलेले असते, नारळपाणीवाले उभे असतात, पण काळोख पडल्यावर ते ओलांडून चालत जाऊ नये. ओस किनाऱ्यांवर एकट्या-दुकट्याने थांबू नये, मग ते टोबॅगोत का असेना. रात्री नेहमी ओळखीच्या चालकाला बोलवावे, हॉटेलवाले त्याचा नंबर देतात. सोन्याची साखळी आणि मंगळसूत्र घरी ठेवावे. पोलिसांसाठी ९९९, रुग्णवाहिकेसाठी ८११ आणि अग्निशामक दलासाठी ९९०. भारताचे उच्चायुक्तालय पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे, त्याचा नंबर फोनमध्ये ठेवावा.

तीन वर्षांत आम्हांला स्वतःला वाईट अनुभव आला नाही. पण आम्ही हे नियम रोज पाळत होतो, हेही त्याबरोबरच सांगायला हवे.

रानवाटा

मी पक्षी आणि कासवांसाठी गेलो होतो, त्याबद्दल लिहितो.

कारोनीच्या दलदलीतली नौका दुपारी चारच्या सुमारास निघते. खारफुटीच्या अरुंद खाड्यांमधून जाताना नावाडी झाडावर वेटोळे करून बसलेला अजगराच्या जातीचा साप दाखवतो, आणि मग नाव एका मोकळ्या पाण्यात येऊन थांबते, इंजिन बंद होते. समोर एक हिरवे बेट असते. सूर्य कलला की लाल शराटी, तिथला राष्ट्रीय पक्षी, आधी दोन-तीन, मग दहा-बाराच्या रांगांनी येऊ लागतात, आणि अर्ध्या तासात त्या हिरव्या झाडांवर जागोजागी लालभडक ठिपके उमटतात. तो रंग छायाचित्रात येत नाही. पूर्वी मांसासाठी या पक्ष्याची चोरून शिकार होत असे. २०१८ साली त्याला विशेष संरक्षण मिळाले आणि शिकाऱ्याला एक लाख टीटी डॉलरचा दंड ठेवला गेला. डासांचे मलम आणि लांब बाह्यांचे कपडे हवेतच, कारण डेंग्यूचीही साथ येते. उजव्या-डाव्या बाजूच्या जागेसाठी धडपडू नका, नाव वळवून सगळ्यांना दाखवतात.

कासवांसाठी मार्च ते ऑगस्टमध्ये जावे. आपण वेळासला ज्यांची पिल्ले पाहतो ती ऑलिव्ह रिडले, साधारण चाळीस-पन्नास किलोची. इथे येते ते लेदरबॅक, चारशे-पाचशे किलोपर्यंतचे, पाठीवर कवचाऐवजी चामड्यासारखी काळी त्वचा आणि तिच्यावर लांब कंगोरे. मतुरा आणि ग्रँड रिव्हिएर हे त्यांचे मुख्य किनारे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात तिथे परवान्याशिवाय आणि वाटाड्याशिवाय पाऊल ठेवता येत नाही. मतुराला 'नेचर सीकर्स' ही गावकऱ्यांची संस्था १९९० पासून हे काम करते, तिच्यामार्फत परवाना आणि वाटाड्या दोन्ही मिळतात. पांढरा प्रकाश पूर्ण वर्ज्य, फोनचासुद्धा. वाटाड्याकडे लाल दिवा असतो. मादी खड्डा खणत असताना दूर उभे राहावे लागते. अंडी घालायला लागली की ती एका तंद्रीत जाते, आणि तेव्हाच जवळ नेतात. मी गेलो त्या रात्री तिचा श्वास ऐकू येत होता, थकलेल्या माणसासारखा, आणि तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी ओघळत होते. वाटाड्याने सांगितले की ते अश्रू नव्हेत, शरीरातले जास्तीचे मीठ ती अशी बाहेर टाकते. मे-जूनमध्ये गेल्यास अंडी घालणाऱ्या माद्या आणि आधीच्या घरट्यांतली पिल्ले दोन्ही दिसण्याचा संभव असतो.

ग्रँड रिव्हिएरला मुक्कामच करावा. पोर्ट ऑफ स्पेनहून जायला तीनेक तास लागतात आणि रस्ता वळणांचा, अंधारा आहे. त्या रात्रीच परतण्याचा बेत करू नये.

चांदणवेल

दर्यावर्दींनी वॉटरलूच्या मंदिराचा उल्लेख केला, त्याविषयी थोडे सविस्तर लिहाल का?

अबोली

अगदी आनंदाने. ते आमच्या घरापासून जवळ होते आणि मी तिथे किती वेळा गेले याची गणतीच नाही.

शिवदास साधू हे उसाच्या मळ्यावरचे मजूर. त्यांनी १९४७ साली किनाऱ्यालगत एक लहान मंदिर बांधले. जमीन साखर कंपनीची होती. १९५२ साली मंदिर पाडण्यात आले आणि साधूंना तुरुंगवास आणि दंड झाला. बाहेर आल्यावर त्यांनी ठरवले की जी जागा कोणाच्याच मालकीची नाही अशा समुद्रात मंदिर बांधायचे. ओहोटीच्या वेळी सायकलला बादल्या टांगून ते दगड-सिमेंट वाहत आणि भर टाकत, वर्षानुवर्षे, जवळजवळ एकट्याने. आज दिसते ते मंदिर १९९५ साली, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, पुन्हा बांधले गेले. एक लांब फरसबंद वाट पाण्यातून मंदिराकडे जाते. भरतीच्या वेळी जावे, ओहोटीला भोवती चिखल उघडा पडतो. किनाऱ्यालाच लागून स्मशानभूमी आहे. तिथे अंत्यसंस्कार चालू असतील तर छायाचित्रे काढू नयेत आणि आवाज खाली ठेवावा. वाटेवर घरोघरी अंगणात बांबूंवर रंगीत झेंडे दिसतील. प्रत्येक झेंडा त्या घरी झालेल्या एका पूजेचा असतो.

जवळच कॅरापिचैमा येथे ८५ फुटी हनुमानाची मूर्ती आहे, ती त्याच फेरीत पाहून होते. दिवाळीत जाणार असाल तर चाग्वानासजवळच्या दिवाळी नगरात दिवाळीआधीच्या नऊ रात्री कार्यक्रम असतात. दिवाळी ही तिथे राष्ट्रीय सुट्टी आहे.

कार्निव्हलला जायचे असेल तर २०२७ साली तो ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे. राहण्याच्या जागा सहा-सात महिने आधी भरतात आणि दर दुप्पट-तिप्पट होतात, एवढेच सांगते. त्या गर्दीत मी कधी उतरले नाही. त्याऐवजी आधीच्या दिवसांत संध्याकाळी पॅनयार्डमध्ये जाऊन स्टीलपॅनचा सराव ऐकत असे. अंगणात शंभरावर वादक एकाच वेळी तेलाच्या पिंपांपासून घडवलेल्या वाद्यांवर तेच चार चरण पुनःपुन्हा घोटून घेतात, आणि ऐकायला खुर्ची टाकून बसलेल्या शेजाऱ्यांना प्रत्येक चूक कळते.

मृद्गंध

शेवटचा प्रश्न. वडिलांबरोबर आईही येणार असे ठरले आहे. ती ६८ वर्षांची आहे आणि तिची प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत. डॉक्टरांनी पीतज्वराची लस देण्यास ठाम नकार दिला. म्हणजे तिने येऊच नये का?

दर्यावर्दी

डॉक्टरांचे ऐकावे, त्यात दुमत नको. ही लस जिवंत विषाणूची असते. साठीच्या पुढे आणि अशा औषधांवर असणाऱ्यांच्या बाबतीत धोका खरा आहे. लस देता येत नाही असे डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे पत्र घेऊन ठेवावे. नियमात आजारामुळे सूट मिळण्याची तरतूद आहे, पण निर्णय विमानतळावरचा आरोग्य अधिकारी घेतो.

अबोली

मृद्गंध, आमच्या सासूबाईंच्या वेळी हाच प्रश्न आला होता. आम्ही काय केले ते सांगते.

यादीत त्रिनिदाद बेट आहे, टोबॅगो नाही, आणि रोगाचा धोकाही त्रिनिदादच्या जंगलांतला आहे. म्हणून त्यांना आम्ही रानात, दलदलीत कुठेच नेले नाही. त्रिनिदादमध्ये दोनच दिवस, तेही घरी आणि मंदिरात, आणि मग वीस-पंचवीस मिनिटांच्या विमानाने टोबॅगोला. पोर्ट ऑफ स्पेनहून स्कारबरोला जहाजही जाते, पण मधल्या समुद्रात लाटा मोठ्या असतात आणि वयस्कर माणसाला ते सोसत नाही. पिजन पॉइंटहून काचेच्या तळाच्या नावेतून बकू रीफ आणि नायलॉन पूल पाहता येतो. तिथे भर समुद्रात पाणी कमरेएवढेच असते, आणि वाळू पांढरी. सासूबाईंनी नऊवारीचा काष्टा आवळला, शिडी धरून उतरल्या आणि वीस मिनिटे त्या पाण्यात उभ्या होत्या.

परतीचा प्रवास आम्ही असा आखला की टोबॅगोहून निघाल्यावर त्या पियार्कोमार्गे टोरांटोला माझ्या नणंदेकडे गेल्या. कॅनडाचा व्हिसा आधीच काढला होता. तिथे बारा दिवस राहून मग मुंबईला आल्या. सहा दिवसांची मुदत त्रिनिदाद सोडल्यापासून मोजतात, त्यामुळे मुंबईत उतरल्यावर अडचण आली नाही. तरीही डॉक्टरांचे पत्र आणि टोरांटोला उतरल्याचा शिक्का असलेले पारपत्राचे पान त्यांच्या पर्समध्ये वरच ठेवले होते. तुमच्या आईंचे जवळचे कोणी लंडनला, अॅमस्टरडॅमला किंवा अमेरिकेत असेल तर त्या देशाच्या व्हिसाचा अर्ज आजच भरायला घ्या, आणि तिकिटे त्यानंतर.

मृद्गंध

मावशी लंडनला आहे. तिला आत्ताच फोन लावते.